नजर पडद्याबाहेर

“बत्तीसपैकी बत्तीस!” निर्मात्याने आलेखातल्या खड्ड्याभोवती तांबड्या पेन्सिलीने वर्तुळ काढले. “एकसुद्धा पोर पडद्याकडे बघत नव्हतं, बाई. एकही नाही. हे दृश्य मी कापतोय.”

ते दृश्य चाळीस सेकंदांचे होते आणि चित्रकार बाईंनी ते काढण्यासाठी पाच महिने घालवले होते.

सिनेमा कार्टूनचा, सुपरहिरोंच्या कुटुंबाचा होता. त्यातली आई पूल उचलते, जुळी मुले उडतात. बापाला फक्त काळ थांबवता येतो. थांबलेल्या काळात तो पडणारा पेला झेलतो, विसरलेले दप्तर शाळेत पोचवतो आणि काळ पुन्हा चालू करतो. त्याने काही केले, हे घरात कोणाला कळत नाही. त्यामुळे सिनेमाभर सगळे विनोद त्याच्यावरच आहेत. केवळ त्या चाळीस सेकंदांत तो आरशापुढे बसतो. काळ थांबतो तेव्हा बाकीच्यांचे वय थांबते. त्याचे वाढतच राहते. कानशिलावरचा एक पांढरा केस तो चिमटीत धरून बघतो. बस्स, एवढेच.

“पोरांना उडणारी माणसं हवीत,” निर्माता म्हणाला. “बसलेली नकोत.”

“तो बसलेला नाहीये. दमलाय.”

“मग घरी जाऊन दम म्हणावं. तिकीट काढून दमलेला बाप कोण बघेल? तो तर घरोघरी फुकट मिळतो.”

स्वतःच्या विनोदावर तो हसला. या हसण्याची मात्र कुठे नोंद झाली नाही.

बाकी सगळ्याची होत असे. कंपनीचा आपल्या शास्त्रावर गाढ विश्वास होता. प्रत्येक चाचणी-खेळाला पडद्याखाली, पडद्याकडे पाठ करून, एका बुटक्या स्टुलावर एक वृद्ध गृहस्थ बसत. त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. त्यांच्या मांडीवर कळांची पेटी असे. हसू, जांभई, कुजबुज, अस्वस्थ हालचाल, नजर पडद्याबाहेर, अशी प्रत्येक गोष्टीला एक कळ. कळ दाबली की वर काचेमागच्या खोलीत आलेखाची रेष हलत असे. मोजणाऱ्याने सिनेमा बघायचा नाही, हा नियम होता. बघितला तर तोही हसेल, आणि मग शास्त्र बाटेल. मोजायची ती फक्त मुले. शेजारच्या मोठ्या माणसांना कंपनीच्या भाषेत ‘सोबत’ म्हणत. त्यांच्यासाठी कळ नव्हती. नजर पडद्याबाहेर गेली की नाही, हे विचारणारी कळ होती. ती कुठे गेली, हे विचारायचे मात्र एकाही विद्वानाला सुचले नव्हते.

आजच्या बत्तिसांत निर्मात्याची आठ वर्षांची मुलगीही होती. तिला ड्रायव्हरशेजारी बसवून तो स्वतः वर या काचेमागच्या खोलीत आला होता.

मोजणीकाका पेटी परत करायला वर आले. कापाकापीची भाषा ऐकून दारातच घुटमळले.

“साहेब, एक विचारू? पोरांच्या नजरा वळल्या तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं?”

“काही नाही. म्हणून तर पोरं इकडंतिकडं बघत होती.”

“इकडंतिकडं नाही हो. सगळी एकाच ठिकाणी बघत होती.”

“म्हणजे कुठे?”

“जो तो आपल्या शेजारच्या मोठ्या माणसाच्या डोक्याकडे.” काकांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. “मला वाटलं, वरून काही गळतंय की काय. एका पोराने तर खुर्चीवर उभं राहून आजोबांची टोपी काढली न् केसांत बोटं घालून बघत बसलं. दुसऱ्याने बापाचा केस उपटला. बाप केवढ्याने ओरडला! ते मी कुजबुजीत घातलं. ओरडण्याची कळ नाही आपल्याकडे.”

चित्रकार बाईंनी तोंडावर हात धरला.

“आणि ती मोठी माणसं?” त्यांनी विचारले.

“ती पडद्याकडे बघत होती. आपल्याकडे कोणी बघतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.”

निर्मात्याने आलेख पुन्हा जवळ ओढला. खड्डा होता तिथेच, तेवढाच खोल होता.

“सगळी, म्हणजे बत्तीसच्या बत्तीस?”

“एकतीस म्हणा.” काका प्रामाणिकपणे आठवू लागले. “तिसऱ्या रांगेत एक मुलगी होती. तिने शेजारच्या माणसाकडे एकदा पाहिलं, मग खुर्चीवर गुडघे टेकून पार मागे वळली. वर, या काचेकडे बघत राहिली. बाकीची परत सिनेमाकडे वळली, ही मात्र वळेना. कोणाची होती कोण जाणे.”

काचेखाली रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसत होत्या. निर्मात्याने तांबडी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद चित्रकार बाईंच्या पुढे सरकवला.

“राहू दे ते दृश्य,” तो म्हणाला. “एक सेकंदही कमी करू नका.”

तो दारापर्यंत गेला. तिथे थांबला.

“काका, त्या मुलीने हात केला होता का?”

“केला ना, दोनदा,” काका म्हणाले. “‘अस्वस्थ हालचाल’ म्हणून नोंद केलीय.”