तंबाखूचा रस

मेंढीची मान ठकूबाईनं मांडीत घट्ट धरली होती. डॉक्टरबाईंनी डाव्या डोळ्याची पापणी उलटवली आणि चिमट्यानं गवताचं बारीक कुसळ बाहेर काढलं.

"हे टोचत होतं, मावशी. म्हणून डोळ्यात फूल पडलं."

"येवढंच व्हतं?"

"एवढंच. पण उजव्यात तर काहीच नाही. तो कसा पांढरा झाला?" बाईंनी उजव्या डोळ्यापुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

ठकूबाई मेंढीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "तंबाखू चावून रस सोडायची मी रोज. सासूनं शिकवलेलं. आदी डाव्यात. मग उजव्यातबी सोडाय लागले, त्यो तरी चांगला ऱ्हावा म्हणून. लई झोंबायचं तिला, मग वर मूठभर बाजरी चारायची."

डॉक्टरबाईंनी मलमाची नळी हातात घेतली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

"लावा की वो, बाई!"

"आता नाही उपयोग, मावशी. दोन्ही डोळे गेलेत."

त्या गेल्यावर ठकूबाई मेंढ्यांमध्येच बसून राहिली. सवयीनं तिनं कमरेची चंची सोडली, चिमूटभर तंबाखू दाढेखाली धरली.

वास येताच मेंढी चाचपडत तिच्याजवळ आली आणि आपणहून तोंड वर करून उभी राहिली.