धोंड्यापलीकडची फणी

जिंतूरपुढं रस्ता रुंद होत होता. त्यात उखडला जाणारा सरहद्दीचा जुना धोंडा दिसला, तशी भागुबाईनं नातीला स्कूटी थांबवायला लावली. रझाकारीच्या साली भागुबाईची माय बाळंतपणाला वऱ्हाडात गेली आणि निजामाचा नाका बंद झाला. दर बाजाराला मायलेकी इथं भेटायच्या. नाक्यावरचा शिपाई म्हणायचा, “पत्थर नक्को लांघो, बस.” चिमुरडी भागू अलीकडं पाठ करून बसायची आणि माय पलीकडून सावकाश वेणी घालायची. पुढं निजाम गेला, सरहद्द मिटली, माय घरी आली. पण मेंढरांच्या रगाड्यात तशी निवांत वेणी पुन्हा झाली नाही. भागुबाईनं कनवटीची फणी काढली, पांढरा बुचडा सोडला आणि धोंड्याला पाठ लावून बसली. “आजी, काय करायलीस? उशीर व्हायलाय.” “व्हऊ दे.” तिनं फणी मागं धरली. “तू वऱ्हाडाकडून बस, आन घाई करू नको.”