सरळ रस्ता हिरवा

डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की समोरचा लाल सिग्नल हिरवा व्हायचा. ते यंत्र विक्रांतने भंगारातल्या ॲम्ब्युलन्समधून काढून आणलं होतं.

"आज अक्षता पडायच्या आत पोचतो बघ!" तो बायकोला म्हणाला.

चौकात एका बाईने त्यांच्या गाडीकडे बघून हात जोडले. पुढच्या चौकात फुलवाल्यानेही. ॲम्ब्युलन्स जाताना लोक जोडतात, तसे.

"अहो, आपल्याला कशाला?" बायको कुजबुजली.

मंगल कार्यालयाकडे वळायचा दिवा लालच राहिला. त्याने यंत्र बंद केलं, तरी सरळ रस्ता हिरवाच. मागून हॉर्न वाजू लागले, तसा तो सरळ गेला. रस्ता हॉस्पिटलच्या दारात संपला.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन थेट त्याच्यापाशी आला.

"अरे, मी ठणठणीत आहे!" तो हसला.

बायकोने घाबरून त्याचा हात धरला. हात केव्हाचाच गार पडला होता.