दारवर

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि पार्वतीबाईने तिथूनच हंबरडा फोडला. "मन्ही वहिनी वं! आम्हले सोडीसन कशी गयी वं!" मागे डोक्यावर पदर ओढलेल्या दोघी बायका, आणि त्यांच्या मागे मान खाली घातलेला तिचा मुलगा भूपेश. सारंगखेड्याच्या त्या गल्लीत एकेक दार उघडू लागले.

ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या बेबीबाईंनी मान वर केली. चुलत नणंद तळोद्याहून कुणासाठी रडत आली, हे त्यांना कळेना. त्या घाईने उठल्या. "काय व्हयनं वं, पार्वता? कोन गयं?"

पार्वतीबाईचा सूर तोंडातच थांबला. तिने आधी वहिनीच्या पायांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे, आणि मग ती मुलाकडे वळली. "भुप्या! काय वाचं रे तू?"

आवाज ऐकून बेबीबाईंचे यजमान हेमकांत गुरुजी हातातले पुस्तक तसेच घेऊन बाहेर आले. भूपेशच्या मोबाईलवर त्यांचाच ब्लॉग उघडा होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते तिथे पुन्हा पुन्हा वाचलेल्या कादंबऱ्यांविषयी लिहीत. अधूनमधून स्वतःची कथाही टाकत. कालची कथा ‘मी’ने सांगितलेली होती, आणि त्या ‘मी’ची बायको पहिल्याच ओळीत सुरतेच्या दवाखान्यात मरत होती. भूपेशने तेवढे वाचून भाऊबंदांच्या गटावर श्रद्धांजली टाकली होती. खरेखोटे कुणी फोन करून विचारले नाही. दुःखाच्या घरी फोन करत नाहीत. समाचाराला दारवर जातात.

"मामा, हाई गोष्ट शे का?" भूपेशचा चेहरा उतरला होता. "माले वाटनं..."

"गोष्ट शे रे. मन्हा मननी."

सर्वांत आधी हसल्या त्या बेबीबाईच. "बसा वं बसा. मन्हा दारवर उनात, आनि मीच चहा ठेवस!"

मग बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. "आयुष्य वाढनं वं तुम्हनं, वहिनी," पार्वतीबाई म्हणाली. गुरुजींनी नजर दुसरीकडे वळवली.

महिन्यापूर्वी सुरतेच्या डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावून जे सांगितले, ते बाहेर बाकावर बसलेल्या बेबीबाईंना त्यांनी सांगितले नव्हते. पोटातली गाठ साधी आहे, गोळ्यांनी जिरेल, एवढेच सांगितले होते. उरलेले कुणाजवळ बोलता येईना, म्हणून ते लिहिले गेले. बेबीबाईंना वाचता येत नाही, या भरवशावर ते ब्लॉगवरही टाकले गेले.

चहा झाला. निघताना पार्वतीबाई ‘येस’, म्हणजे ‘येते’, असे न म्हणताच पायऱ्या उतरली. दारवर गेलेल्या घरून निघताना तसे म्हणत नाहीत. तिच्या अंगवळणीच पडले होते ते. जीप वळणाआड जाईपर्यंत बेबीबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि गुरुजींसमोर बसल्या.

"वाचा बरं ती गोष्ट."

"तिन्हामां काय शे! दुसरं काही वाचस."

"दुसरानी बाई मरनी का माले वाची दखाडतस, आनि मंग डोया पुसतस. आते मन्ही वाचा."

गुरुजींनी लॅपटॉप उघडला. कादंबऱ्या वाचून दाखवताना करत, तसे ते एकेक वाक्य अहिराणीत करून सांगू लागले. गाठीचे वाक्य आले, तेव्हा ते गाळून पुढे गेले.

"तठे काही तरी सोडं तुम्हीन," बेबीबाई म्हणाल्या.

गुरुजी मागे आले. गाठीचे वाक्य वाचले. डॉक्टरांनी काय सांगितले ते वाचले, आणि नवऱ्याने बायकोला काय सांगितले तेही. मग न थांबता शेवटापर्यंत गेले: नवरा औषध आणायला खाली उतरलेला, वॉर्डातला हिरवा पडदा ओढलेला, तिच्याजवळ नर्सखेरीज कुणी नाही. यातले खरे किती, हे बेबीबाईंनी एकदाही विचारले नाही. त्या फक्त पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"चांगली लिखी," त्या म्हणाल्या. "पन शेवट बदली टाका. सुरतले नका मारू माले."

गुरुजींनी शेवटचा परिच्छेद पुसून टाकला. मोकळ्या जागेत उभी रेघ लुकलुकत राहिली.

"मंग कोठे?" त्यांनी विचारले. लिहिणाऱ्याने विचारावे तसे विचारायचे होते त्यांना. बोटे मात्र त्यांनी कळांवरून उचलून घेतली.

खाट कुठे बसेल याचा अंदाज घ्यावा, तशी बेबीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "आठेच. खिडकीजोडे. तठून गल्ली दिखस. कोन येस, कोन जास, समजस तरी." मग त्या जराशा संकोचल्या. "पन तठे तुम्हना पुस्तकं शेतस."

खिडकीला लागून भिंतभर फळ्या होत्या. नोकरीच्या काळात जमवलेली, पाने उलटून उलटून कडा काळवंडलेली पुस्तके त्यांवर दाटीने बसली होती. गुरुजी उठले आणि वरच्या फळीपासून एकेक पुस्तक खाली काढू लागले. एरवी हाती आलेले पुस्तक चार ओळी वाचल्याखेरीज त्यांच्याने खाली ठेवले जात नसे. आता ते एकही न उघडता भराभर जमिनीवर रचत चालले.

"हळू, गुरजी," बेबीबाई म्हणाल्या. "इतली घाई नही शे."