आईचा चेहरा

कोरोनात गेलेल्यांच्या आठवणीत इंदूरच्या काही चित्रकारांनी मिळून एका गॅलरीत प्रदर्शन भरवलं होतं. त्यांच्यातल्या संबोधीला आपल्या आईचा चेहरा काही केल्या जमला नव्हता. शेवटी तिने भिंतीवर मोठा कोरा कागद लावला आणि खाली कोळशाची कांडी ठेवून दिली.

उद्घाटनाला महूहून तिचे वडील शंकरराव आले. जन्मभर ऑफिसात फायली सांभाळलेला माणूस. त्या कागदासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी कांडी उचलली आणि डोळे मिटून घेतले.

"पप्पा, अहो, काय करताय?"

त्यांनी कांडी कागदाला टेकवली. हात सावकाश चालत राहिला. गॅलरीतली कुजबुज थांबली. रेषा वाकड्यातिकड्या होत्या, एक डोळा जरा खाली घसरला होता, पण बघता बघता कागदावर आई हसायला लागली. संबोधीने त्यांचा खांदा धरला.

"पप्पा, डोळे उघडा! बघा तरी, हुबेहूब आई आहे!"

"मालूम है, बेटा," शंकरराव डोळे मिटूनच म्हणाले. "शेवटी चेहरा बघू दिला नव्हता ना तिचा. तेव्हापासून मी तिला असंच बघतो."