येऊन राहिलो

होडी वळली, शिडात वारा भरला आणि कमलाकांत वकील बेटावरच राहिले.

एक बूट पायात, दुसरा हातात, अशा थाटात ते खडकांवरून उड्या मारत पुळणीवर पोचले, तेव्हा होडी हाकेच्या पलीकडे गेली होती. तरी त्यांनी हाका मारल्या. अकोल्याच्या कोर्टात हा आवाज थेट व्हरांड्यापर्यंत ऐकू जाई. इथे लाटांनी त्याची मुळीच पत्रास ठेवली नाही.

"मी साफ सांगितलं ना त्याले, येऊन राहिलो म्हणून!" ते बायकोवरच ओरडले. "बहिरा आहे काय तो?"

चारुशीला पाण्याच्या कडेला उभी होती. मघाशी होडीत चढायला म्हणून खोचलेलं लुगडं तिनं सोडलं.

"त्यानं विचारलं काय होतं?"

"येता का राहता."

"आणि तुम्ही म्हणालात, येऊन राहिलो."

वऱ्हाडात याचा अर्थ, हा निघालोच. शेंबडं पोरही सांगेल. पण मालवणच्या होडीवाल्या भिकू तांडेलाला त्यातलं 'राहिलो' तेवढंच कळलं असणार. होडीत कोल्हापूरची दोन कुटुंबं होती, त्यांना पुढचं बेट बघायचं होतं. राहणाऱ्यांना परतताना घेतो, असं तो आधीच सांगून बसला होता. म्हणजे उन्हं उतरेपर्यंत सुटका नाही.

नवऱ्याचा चेहरा पाहून चारुशीला हसली. पदर तोंडाला न लावता, चांगली मोठ्यानं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण हे हसणं कमलाकांतांना नवीन होतं.

उद्याच्या बोटीनं ते एकटेच परतणार होते. चारुशीला इथे मालवणला, माहेरी राहणार होती. 'तब्येत सुधारेपर्यंत,' असं त्यांच्या वडिलांनी, मोरोपंतांनी, ठरवलं होतं. कधीपर्यंत, ते काही ठरलं नव्हतं. अशा पोचवलेल्या सुनेला पुन्हा बोलावणं जातंच असं नाही, हे अकोल्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चारुशीलेलाही होतं. तिच्या वडिलांना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी, जावई पहिल्यांदाच आलेले, म्हणून त्या भल्या माणसानं हौसेनं दोघांना बेटं बघायला पाठवलं होतं.

"दुसराही बूट काढा," चारुशीला म्हणाली. "या इकडे."

तिनं त्यांना केतकीच्या दाटीतून पलीकडे नेलं. खडकातल्या डबक्यात फुलासारखं काहीतरी डुलत होतं. "बोट लावा." वकीलसाहेबांनी आधी नकार दिला, मग कारणं दिली, शेवटी बोट लावलं. फूल चटकन मिटलं आणि ते दचकून मागे पडले. चारुशीला बोलत होती. हे कुठलं बेट, ते कुठलं, कासवं कुठे अंडी घालतात, लहानपणी ती कुठून पाण्यात पडली होती. बोलतच होती. कमलाकांत समुद्र सोडून तिच्याकडेच पाहत राहिले.

अकोल्यात पहिल्याच आठवड्यात जावा तिच्या कोकणी हेलावर खदखदून हसल्या होत्या. तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. मग मुकी, मग आजारी, असं घरानं आपापसात ठरवून टाकलं.

"काय म्हणाल्या होत्या गं वहिनी?" त्यांनी विचारलं.

चारुशीलेनं कमरेवर हात ठेवला, मान तिरपी केली. "काहून वो, भाजी मागून राहिली का गाणं म्हणून राहिली?"

हुबेहूब थोरल्या वहिनी! कमलाकांत हसता हसता वाळूत बसले. मग त्यांचं हसू हळूहळू विरलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

"तू आजारी नाहीस."

"नाही."

मग तीच पुढे म्हणाली, "मला परत न्यायला याल का, एवढं सांगा. खोटं नका सांगू."

मोरोपंतांसमोर कमलाकांतांच्या तोंडून आजवर 'हो' याखेरीज दुसरा शब्द निघाला नव्हता. ते त्यांना आठवलं. लाट येऊन धोतर भिजवून गेली, तरी ते उठले नाहीत.

"न्यायले नाही येणार," ते म्हणाले.

चारुशीलेनं मान खाली घातली.

"अवं, न्यायले कशाला येऊ? उद्या माझ्यासंगच चाल. बाबांना मी सांगतो. वहिनींनाही सांगतो."

तिनं मान वर केली नाही. नुसते डोळे पुसले, आणि त्यांचे भिजलेले बूट उचलून उन्हात ठेवले.

उन्हं उतरली तशी होडी आली. कमलाकांत फार खुशीत होते. गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी भिकू तांडेलाच्या पाठीवर थाप मारली.

"तांडेल, तुमच्या चुकीनं माझं भलं केलं!"

"चूक? माजी?" म्हातारा दुखावला. "तुमचा बोलणा माका कळला नाय, म्हणान मिया हिकाच इचारलंय." तो चारुशीलेकडे वळला. "काय गो बाय, तूच सांगलंस मा, ते हयच रवतत, तू जा?"

कमलाकांत मागे वळले. ती लुगडं खोचून शांतपणे होडीत चढत होती.

"तुले समजलं होतं, मी काय म्हटलं ते?"

"दोन वर्षं तेच कानावर पडतंय. न समजायला काय झालं?"

"मग त्याले पाठवलं काहून?"

चारुशीला फळीवर बसली. त्यांच्यासाठी शेजारी सरकून जागा केली.

"अकोल्याला तुम्ही मला एकटे कधी सापडलात?"