वाढणारीचं ताट

डॉक्टरसाहेब, कागदावर ‘थोडं थोडं खा, लवकर जेवा’ असं छापून तुम्ही मोकळे झालात. वाढणारीनं कधी जेवायचं, ते लिहायची तुमची हिंमत झाली नाही. निरवांगीच्या योगिनीला सातवा महिना होता आणि छातीत निखारा ठेवल्यागत जळत होतं. दवाखान्यातला तो कागद सासूला दाखवला, तर ती हसली. “जळजळतंय म्हंजी लेकराला दाट जावळ हाय.” गडीमाणसं जेवून उठल्याशिवाय घरातली बाई ताटावर बसत नव्हती. योगिनी शेवटी जेवायची आणि पाठ टेकली की आंबट पाणी घशाशी यायचं. एका संध्याकाळी तिनं सासऱ्याच्या ताटात भाकरीआधी कागद वाढला. हिंदुरावांनी मोठ्यानं वाचला. “मग जेव की लवकर! कोण नगं म्हणतंय?” योगिनीनं शेजारी दुसरं ताट मांडलं, बसली आणि भाकर मोडली. “जेवते, आबा. आता तुमाला वाढायचं कुणी, तेवढं सांगा.”